दुखत नाही, म्हणून दाखवत नाही

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई मुरबाडच्याही पलीकडच्या, माळशेज घाटाच्या पायथ्याकडच्या. लग्न होऊन डोंबिवलीत आल्या, पण जीव अजून माहेरच्या भातखाचरांतच. चार दिवस माहेरी राहून आल्या आणि भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "वहिनी, आयेच्या छातीला गाठ लागतेय हाताला. लिंबाएवढी. पन दुखत नाय काही."

"कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या लावणीपासून हाये म्हने."

म्हणजे पुरतं एक वर्ष! मी हातातली विळी बाजूला ठेवली. मग त्यांनी सगळा हिशेबच सांगितला. लावणीच्या दिवसांत अंगावर पाणी घेताना गाठ हाताला लागली. पण चिखल टाकून जायचं कुठं? लावणी उरकली तोवर गणपती आले. मग नवरात्र, मग कापणी, मग झोडणी. पौषात म्हसा गावची जत्रा, घर पाहुण्यांनी भरलेलं. उन्हाळ्यात नातीचं लग्न, शिवाय पाण्यासाठी वणवण. की पुन्हा पाऊस! या साऱ्या वर्षात ती माउली एकदा डॉक्टरकडे जाऊन आली होती, पण ती गुडघ्यासाठी. गाठीचा शब्दही तिनं तिथं काढला नव्हता. गुडघा दुखत होता, म्हणून दाखवला. गाठ दुखत नव्हती, म्हणून दाखवली नाही.

मैत्रिणींनो, 'खेड्यातल्या बायका अशाच!' असं म्हणून पान उलटू नका. तुमच्या-आमच्या घरातसुद्धा मुलांची परीक्षा, दिवाळीचा फराळ, नणंदेचं बाळंतपण हे सगळं आधी आणि आपली छाती त्यानंतर असंच असतं की नाही? फरक एवढाच, की आपल्याला दवाखाना दहा मिनिटांवर आहे.

दुखणं म्हणजेच आजार?

आपल्या भाषेत आजाराला 'दुखणं' म्हणतात आणि इथंच आपली फसगत होते. दात ठणकला की आपण दवाखाना गाठतो. जे ठणकत नाही, ते आपल्या लेखी आजारच नाही. पण स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा मुळीच दुखत नाही. ताप नाही, भूक मेलेली नाही, काम करण्याची ताकद जशीच्या तशी. पाळीच्या आधी दोन्ही बाजू जड होऊन दुखतात, त्याचा संबंध बहुतेक वेळा महिन्याच्या चक्राशी असतो. म्हणून दुखणारी गाठ निर्धोकच असते, असंही नाही. दुखो वा न दुखो, गाठ दाखवायचीच.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण भीती घालून कुणी दवाखान्यात जात नाही, उलट घरात दडून बसतं. छातीतल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण मुलींच्या छातीत बोटाखाली इकडून तिकडे सरकणारी, गोटीसारखी गाठ पुष्कळदा साधीच असते. कधी पाण्यानं भरलेली असते. बाळंतिणीच्या छातीत दूध साठून गाठी होतात, जागा लाल होते, ताप भरतो. अशा वेळी 'दृष्ट लागली' म्हणून बाळाला तोडू नये. पाजत राहावं आणि एक-दोन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवावं. पण साधी कोणती आणि वाईट कोणती, हे घरात बसून ठरवता येत नाही. ते तपासणीनेच ठरतं.

आणि वाईट निघणाऱ्या गाठी काही थोड्या नाहीत. २०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण सापडल्या आणि सुमारे ९८ हजार बाया या आजारानं गेल्या, असा जागतिक अंदाज आहे. आपल्या देशातल्या बायकांमध्ये आज हाच कर्करोग सर्वांत जास्त आहे. पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे तो साधारण दहा वर्षं आधी, चाळिशी-पन्नाशीतच गाठतो.

पाणी जातं, माणूस पोचत नाही

मुरबाड आणि शहापूर हे ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेचे दोन तालुके. एकीकडे सह्याद्रीची भिंत, माहुली आणि सिद्धगडासारखे गड. दुसरीकडे कल्याण आणि त्यापलीकडे मुंबई. शहापूर तर धरणांचा तालुका. तानसा, भातसा यांचं पाणी इथूनच मुंबईच्या नळांना जातं. ते पाणी बिनबोभाट परळपर्यंत पोचतं. पण त्याच तालुक्यातल्या पाड्यावरची बाई परळला पोचायची म्हणजे केवढं दिव्य!

मुरबाडला आजही रेल्वे नाही. पाड्यावरून चालत डांबरी रस्ता, तिथून जीप किंवा एस.टी., मग कल्याण, मग लोकल. शहापूरकरणीला आसनगाव स्टेशन आहे, कसारा लोकल आहे. तरी दादरपर्यंत दोनेक तास जातातच. म्हणजे एका तपासणीला एक अख्खा दिवस आणि एक दिवसाची मजुरी. सोबत कुणी आलं तर दोघांची. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघून जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या बायांना तर गावात आलेली तपासणीसुद्धा चुकते.

शिवाय मनातली वाट आणखी लांबची. पदर काढून परक्या पुरुषापुढे बसायचं कसं? नवऱ्याला सांगायचं कोणत्या शब्दांत? 'कॅन्सर' म्हटलं की लेकीच्या सोयरिकीला अडचण. आमच्या बाईंच्या आईनं आधी पाला वाटून लेप लावला, मग भगताकडून दोरा आणला. यात हसण्यासारखं काही नाही. तो भगत दोन घरं टाकून राहतो, रात्री-अपरात्री भेटतो आणि पदर काढायला सांगत नाही! दोऱ्यावरून भांडत बसू नये. दोरा बांधा, पण त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रही गाठा, एवढाच आग्रह धरावा.

खेड्यांत या कर्करोगाचं प्रमाण शहरांपेक्षा कमी आहे, हे खरं. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हापासून हा फरक दिसत आला आहे. पण खेड्यातली बाई येते ती उशिरा, आजार काखेपर्यंत किंवा त्याहीपुढे गेल्यावर. बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून लोकांशी नुसतं बोलायला सुरुवात केली, तर काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. यंत्र नव्हे, इंजेक्शन नव्हे, नुसतं बोलणं!

दहावी पास मुलींनी केलेलं काम

'खेड्यात मॅमोग्राफीचं यंत्र कुठून आणायचं?' असं पुष्कळ जण विचारतात. त्याला मुंबईतच उत्तर मिळालं आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयानं १९९८ साली मुंबईच्या झोपडवस्त्यांत एक मोठा प्रयोग सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायका त्यात होत्या. निम्म्या बायकांना कर्करोगाची माहिती दिली. उरलेल्या निम्म्यांची दर दोन वर्षांनी, असं चार वेळा, हातानं तपासणी केली. तपासणाऱ्या कोण? दहावीपर्यंत शिकलेल्या आणि काही आठवड्यांचं शिक्षण घेतलेल्या स्त्री आरोग्यसेविका.

वीस वर्षांचा हा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. तपासणी न झालेल्या गटात सापडलेल्या कर्करोगांपैकी शंभरात ४७ पुढच्या टप्प्यात पोचलेले होते. तपासणी झालेल्या गटात ते ३७ होते. सर्व वयांच्या बायका एकत्र धरल्या तर मृत्यूंत जी घट दिसली, ती ठाम म्हणण्याइतकी नव्हती. पण पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत मात्र या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. नुसत्या शिकलेल्या हातांनी!

आणि इथं आपण सुनांनी क्षणभर थांबावं. घरात ज्या बाईला आपण तपासणीच्या यादीतून सर्वांत आधी गाळतो, ती म्हणजे सासूबाई. 'आता या वयात त्यांना काय व्हायचंय?' पाळी गेली, मुलं झाली, म्हणजे छातीशी संबंध संपला, अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात वय वाढतं तसा हा धोका वाढतो. म्हातारीला तपासणीचा उपयोग सर्वांत जास्त आणि तिलाच कुणी विचारत नाही! तसंच विधवेचं, तसंच लग्न न झालेल्या आत्याबाईंचं. यांच्या छातीचा विषय काढणंच अशुभ किंवा लाजिरवाणं वाटतं. ज्यांना मूल झालं नाही किंवा ज्यांनी कधी पाजलं नाही, त्यांना धोका उलट थोडा जास्तच असतो. पाजल्यानं धोका कमी होतो, हे खरं. पण 'मी पाच पोरं पाजली, मला कसा होईल?' हे बरोबर नाही. आणि हो, पुरुषांनासुद्धा हा कर्करोग क्वचित होतो. नवऱ्याच्या छातीला गाठ लागली तर तीही दाखवा.

घराण्यात असला तर काय? या प्रश्नाशी एका मराठी बाईचं नाव जोडलेलं आहे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात काम केलं. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध ओळखणाऱ्या पहिल्या संशोधकांत त्यांची गणना होते. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. पुढे याच कमलताई सह्याद्रीच्या त्या अंगाला, अकोले तालुक्यातल्या राजूरकडे, आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करायला आणि गावातल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण द्यायला गेल्या. प्रयोगशाळेतल्या बाईला पाड्यावर जावंसं वाटलं, हे मला मोठं वाटतं. आई, बहीण, मावशी यांपैकी कुणाला लहान वयात हा आजार झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. पण घराण्यात कुणालाही नसताना हा आजार होणाऱ्या बायकाच जास्त आहेत, हेही विसरू नका.

महिन्यातली पाच मिनिटं

चीनमधल्या शांघाय शहरात अडीच लाखांहून जास्त कामगार स्त्रियांना स्वतःची छाती तपासायचं पद्धतशीर शिक्षण देऊन पाहिलं. २००२ साली निकाल आला, की तेवढ्यानं मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून आता डॉक्टर म्हणतात, कवायतीसारखी तपासणी करून काळजी करत बसू नका, पण आपली छाती नेहमी कशी असते ते ओळखून ठेवा. पोळ्यांची कणीक रोज मळणाऱ्या हाताला कणीक आज सैल झालीय हे लगेच कळतं, तसंच हे. मात्र घरी काही लागलं नाही म्हणून आरोग्यसेविकेची किंवा डॉक्टरची तपासणी टाळू नये.

१. पाळी सुरू झाल्यापासून सात ते दहा दिवसांनी बघावं. तेव्हा छाती मऊ असते. पाळी गेलेल्यांनी एक दिवस ठरवून घ्यावा. संकष्टी म्हणा, अमावास्या म्हणा, नाहीतर सरळ एक तारीख.

२. आधी आरशात नजरेनं बघा. हात खाली, मग हात वर. आकारात नवा फरक, कातडीला खळी, संत्र्याच्या सालीसारखी जाडसर झालेली त्वचा, अलीकडेच आत ओढलं गेलेलं बोंड, न भरणारी जखम किंवा खाज हे सारं लक्षात घ्या.

३. मग बोटांच्या टोकांनी न चिमटता, बोटं सपाट ठेवून, गळ्याच्या हाडापासून खालपर्यंत आणि काखेत चाचपा. अंघोळीच्या वेळी साबणाच्या हातानं हे सोपं जातं.

४. बोंडातून आपोआप रक्त किंवा पाणी येत असेल तर लगेच दाखवा. मुद्दाम दाबून बघू नका.

५. घट्ट किंवा काळ्या रंगाच्या चोळीनं कर्करोग होतो, ही नुसती अफवा आहे. तो संसर्गानंही होत नाही. आजारी बाईचं ताट वेगळं काढू नका.

गाठ लागली, आता पुढे?

आधी घरातल्या एका तरी माणसाला सांगा. गावात आशाताई असतात, उपकेंद्रावर परिचारिका असते. २०१६ साली केंद्र सरकारनं आखलेल्या कार्यक्रमात तीस वर्षांपुढच्या बायकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी ठरवून दिलेली आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, त्यात छातीत गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, आकार बदलला का, असे प्रश्न असतात. पण हे प्रश्न पडवीत, सासरा खाटेवर बसलेला असताना विचारले तर बाई काय सांगणार? 'नाही, नाही, नाही.' म्हणून सुनेनं किंवा लेकीनं एवढंच करावं, आशाताईंना चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात घ्यावं. पुरुष डॉक्टर असतील तर शेजारी एक बाई उभी असावी, असं सांगायचा आपल्याला हक्क आहे.

पुढे मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय, शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय आणि तिथून गरज पडली तर ठाणे किंवा परळ. डॉक्टर सोनोग्राफी, वय पाहून मॅमोग्राफी आणि सुईची तपासणी सांगतात. 'सुई टोचली की कॅन्सर पसरतो' या समजुतीनं कितीतरी बायका तिथूनच माघारी फिरल्या आहेत. सुईनं तो पसरत नाही. सुई टाळल्यानं मात्र महिने वाया जातात.

'छाती कापतात' ही सर्वांत मोठी भीती. लवकर आलेल्या पुष्कळ बायकांची आता फक्त गाठ काढून बाकीचा स्तन राखता येतो, वर किरणांचे उपचार देतात. इटलीत वेरोनेसी आणि अमेरिकेत फिशर या डॉक्टरांनी १९७० नंतरच्या दशकात सुरू केलेल्या चाचण्यांचे वीस वर्षांचे निकाल २००२ साली आले. गाठच काढलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायकांच्या आयुष्यमानात फरक आढळला नाही. म्हणजे लवकर जाणारीचं शरीरही जास्त वाचतं.

खर्चाचं म्हणाल तर रेशनकार्ड आणि आधारकार्ड आधी पिशवीत टाका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, औषधं, किरणोपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' कुठं बसतात ते विचारा. २०२३ च्या मार्चपासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं आहे. मुंबईच्या लोकलमध्ये अपंगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांना प्रवास करता येतो, त्यासाठी रुग्णालयाचा कागद जवळ ठेवा. रोज येणं-जाणं झेपत नसेल तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. गावोगावचे रुग्ण तिथं राहून उपचार घेतात. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात चौकशी केली की वाट सापडते.

उपचारानंतर घरचं काम उरतं, ते आपलं. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला सूज येऊ शकते. डॉक्टर मोकळीक देईपर्यंत त्या हातानं हंडा, कळशी, जात्याचा खुंटा नको. शिकवलेले व्यायाम मात्र रोज. जखम पूर्ण भरली की मऊ सुती कापडाची भरीव उशी शिवून ब्लाऊजच्या आत खिसा करून त्यात बसवता येते. आपल्यापैकी कुणालाही तासाभरात जमेल असं हे शिवणकाम आहे. नवऱ्यानं जवळ बसावं, बोलावं. औषधानं केस जातात ते परत येतात, हे लेकरांना आधीच सांगून ठेवावं.

आमच्या बाईंच्या आईला मी आणि बाई मिळून घेऊन गेलो. वर्षाचा उशीर झालाच होता, आजार काखेत पोचला होता. आधी औषधं, मग शस्त्रक्रिया, पूर्ण स्तन काढावा लागला. परळच्या त्या लांबलचक रांगेत ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "बाय, हे दुखलं असतं ना, तर मी तवाच आले असते." आता ती गावी आहे. हंडा सून आणते. तपासणीच्या तारखा नातीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवल्या आहेत, म्हसा जत्रेच्या खुणेशेजारीच.

तेव्हा मैत्रिणींनो, आज रात्रीची झाकपाक झाली की पाच मिनिटं स्वतःसाठी काढा. आणि उद्या सकाळी, दुपारच्या निवडण्या-टिपण्याच्या वेळी, सासूबाईंना, कामाच्या बाईंना, माहेरी फोन लावून आईला सरळ विचारा, "छातीला कुठं काही लागतं का हाताला? दुखत नसलं तरी सांगा."